मोठी माणसं एकटीच थीम पार्कला का जातात? अबू धाबीचं डिस्नी, खोपोलीचं इमॅजिका आणि भुशी डॅमच्या पायऱ्या

'पोरं-बाळं सोबत नाहीत, मग डिस्नीलँडला जाऊन करणार काय?'

तिशी-पस्तिशीतल्या कुणीही घरात हा बेत सांगितला, की पहिला प्रश्न हाच येतो. युरोपला जाऊन आयफेल टॉवर बघणं समजू शकतं. जपानला जाऊन फुजी पर्वत बघणंही. पण स्वतःच्या पगारातून पैसे साठवायचे, रजा काढायची, व्हिसाच्या रांगेत उभं राहायचं आणि तिकडे पोहोचून मिकी माऊससोबत फोटो काढायचा? याला आपल्याकडे एक जुना शब्द आहे: पोरकटपणा.

मात्र जगभरात याच 'पोरकट' ग्राहकाकडे बघून हजारो कोटींचे निर्णय घेतले जातायत. ७ मे २०२५ ला डिस्नी कंपनीने जाहीर केलं, की त्यांचं सातवं थीम पार्क रिसॉर्ट अबू धाबीच्या यास बेटावर होणार. जागा निवडताना कंपनीने मांडलेला हिशोब साधा होता. जगातली सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या तिथून चार तासांच्या विमानप्रवासाच्या आत राहते. या एक तृतीयांशात आपणही आलो. मुंबईहून अबू धाबीला पोहोचायला तीन-साडेतीन तास लागतात. पावसाळ्यातल्या रविवारी पुण्याहून लोणावळ्याच्या भुशी डॅमपर्यंत जाऊन गाडी लावायला जागा शोधायची, तर कधीकधी तेवढाच वेळ जातो.

ही तुलना गंमत म्हणून केलेली नाही. पुणे-मुंबईचा माणूस मोकळं होण्यासाठी, भिजण्यासाठी, थोडंसं घाबरण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या लोणावळा-मावळात येतोय. याच पट्ट्यात, घाट उतरला की खाली, इमॅजिका उभं आहे. लोणावळ्याजवळ वेट अँड जॉय आहे. कुणेगावात डेला ॲडव्हेंचर आहे. कामशेतला पॅराग्लायडिंग आहे. टायगर पॉइंटला काचेच्या स्कायवॉकचा सरकारी प्रकल्प आहे. म्हणजे मोठ्या माणसांना खेळायचंय हे इथल्या बाजाराला कधीच कळलंय. मग परदेशातल्या पार्कचे चाहते होतात आणि इथल्या जागांचे फक्त 'व्हिजिटर', असं का?

'डिस्नी ॲडल्ट' म्हणजे कोण?

इंग्रजी सोशल मीडियावर 'डिस्नी ॲडल्ट' हा शब्द बहुतेक वेळा टोमणा म्हणून वापरला जातो. मुलं नसताना किंवा मुलांना घरी ठेवून वारंवार डिस्नी पार्कला जाणारी, तिथले पिन आणि टोप्या गोळा करणारी, कोणत्या राइडच्या रांगेत किती वाजता गर्दी कमी असते हे तोंडपाठ असणारी मोठी माणसं.

हे काही इन्स्टाग्रामने जन्माला घातलेलं खूळ नाही. रोलर कोस्टरवर प्रेम करणाऱ्यांची 'अमेरिकन कोस्टर एन्थुझिॲस्ट्स' ही संघटना १९७८ पासून आहे. तिचे सदस्य आयुष्यात किती वेगवेगळ्या कोस्टरवर बसलो याची मोजदाद ठेवतात, जशी आपल्याकडचे ट्रेकर किती किल्ले झाले याची ठेवतात. डिस्नीने स्वतःचा अधिकृत फॅन क्लब २००९ मध्ये काढला. टोकियो डिस्नी रिसॉर्ट चालवणाऱ्या ओरिएंटल लँड कंपनीच्या आकडेवारीत चाळिशीपुढच्या पाहुण्यांचा वाटा गेल्या काही वर्षांत वाढलेला दिसतो. जपानमध्ये जन्मदर घसरतोय आणि पार्क भरलेलंच आहे, याचं एक उत्तर त्यात आहे.

मुळात ही जागा फक्त लहान मुलांची कधी नव्हतीच. वॉल्ट डिस्नी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये बाकावर बसून मुलींना मेरी-गो-राउंडवर फिरताना बघत असत. तिथेच त्यांना वाटलं, की आई-बाप नुसते बसून राहतात हे काही बरोबर नाही, दोघांनाही मजा येईल अशी जागा हवी. त्यातून १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात पहिलं डिस्नीलँड उघडलं. ही गोष्ट कंपनी गेली ७० वर्षं सांगतेय आणि अर्थात त्यात मार्केटिंग भरपूर आहे. पण बाकावर बसून पिशव्या आणि चपला सांभाळणारे आई-बाप तुम्हाला आपल्याही कुठल्याही बागेत दिसतील.

आणखी एक साधी गोष्ट लक्षात घ्या. बहुतेक थीम पार्कमधल्या सर्वांत थरारक राइडवर लहान मुलांना बसूच देत नाहीत. दारात उंची मोजायची पट्टी असते. म्हणजे ज्या जागेला आपण 'लहान मुलांची' म्हणतो, तिथलं सगळ्यात भारी यंत्र मोठ्यांसाठीच बसवलेलं असतं.

डीडीवरचा रविवार आणि आताचा पगार

भारतात हा चाहता आत्ताच का दिसू लागला, याचं उत्तर दूरदर्शनच्या जुन्या वेळापत्रकात सापडतं. नव्वदच्या दशकात रविवारी 'डकटेल्स', 'टेलस्पिन' आणि 'जंगल बुक' हिंदीत लागायचे. ज्या मुलांनी तेव्हा टीव्हीसमोर बसून ते बघितलं, ती आज पस्तीस-चाळीस वर्षांची आहेत. त्यांच्यानंतरची पिढी हॅरी पॉटरवर वाढली. ती पुस्तकं मराठीतही आली आणि शाळेच्या लायब्ररीत हातोहात फिरली. त्यानंतरची पिढी जपानी ॲनिमेवर.

या तिन्ही पिढ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. त्या गोष्टींचं जग त्यांना लहानपणी फक्त पडद्यावर किंवा कागदावर मिळालं. अमेरिकेतल्या मुलाला आई-वडील सातव्या वर्षी डिस्नीलँडला घेऊन जाऊ शकत होते. पिंपरीतल्या किंवा साताऱ्यातल्या मुलाच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता. पासपोर्टच नव्हता घरात कुणाकडे. त्यामुळे तिशीत पहिला बरा पगार हातात आल्यावर तो जे करतो, त्याला 'बालपणात परत जाणं' म्हणणं तितकंसं बरोबर नाही. जे मिळालंच नव्हतं ते तो आता पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने घेतोय. आपल्या भाषेत याला चपखल शब्द आहे, हौस. आणि हौसेला मोल नसतं हे आपणच म्हणतो, फक्त ती हौस सोनं, लग्न किंवा गाडी यांची असली की.

रस्ताही सोपा झालाय. थायलंड आणि मलेशियाने २०२३ च्या अखेरीस भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश दिला. जपानने एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांसाठी ई-व्हिसा सुरू केला. टोकियो डिस्नीलँडचं प्रौढांचं एक दिवसाचं तिकीट तारखेनुसार ७,९०० ते १०,९०० येन, म्हणजे साधारण साडेचार ते सव्वासहा हजार रुपये. खर्च खरा विमानाचा आणि राहण्याचा. पण तिकीट स्वतः पुण्यातल्या एखाद्या मोठ्या म्युझिक कॉन्सर्टच्या पासाएवढंच आहे.

इथे पर्यटक आणि फॅन यांच्यातला फरक समजून घ्यायला हवा. मराठी माणूस परदेशातल्या थीम पार्कमध्ये नवीन नाही. केसरी, वीणा वर्ल्ड यांसारख्या कंपन्यांच्या सिंगापूर सहलीत युनिव्हर्सल स्टुडिओज किंवा सेंटोसा असतंच, आणि त्या बसमधून साठी उलटलेल्या मावश्या-काकाही उतरतात. महिलांच्या खास सहलींमध्ये तर सगळ्याच जणी मुला-नातवंडांना घरी ठेवून आलेल्या असतात, आणि राइडवर ओरडण्यात त्या कुणाला हार जात नाहीत. पण त्यांना तिथे टूर मॅनेजर सांगेल तितके तास मिळतात. फॅन मात्र त्याच पार्कसाठी तीन दिवस काढतो. तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जातो. त्याला दर्शनी भागातल्या कमानीवर कोणत्या सिनेमाची खूण लपवलीय हे माहीत असतं. पर्यटक 'बघून येतो', फॅन 'जाऊन येतो'.

आणि नियम सगळीकडे आहेतच. अमेरिकेतल्या डिस्नी पार्कमध्ये १४ वर्षं आणि त्यापुढच्यांना एरवी पात्रांचा पूर्ण वेश करून येता येत नाही. टोकियोत मोठ्यांना ती मुभा हॅलोवीनच्या काळातच मिळते. म्हणजे मोठ्यांचं स्वागत आहे, पण खरा मिकी कोण आणि पाहुणा कोण याचा गोंधळ नको.

घाटाखालचं स्वप्न

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. मनमोहन शेट्टी हे नाव चित्रपटसृष्टीतलं. १९७८ मध्ये त्यांनी ॲडलॅब्स ही फिल्म प्रोसेसिंग लॅब सुरू केली, ती मोठी केली आणि २००५ मध्ये रिलायन्सच्या अनिल अंबानी समूहाला विकली. त्यानंतर त्यांनी खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावरच्या सांगडेवाडीत थीम पार्क बांधायला घेतलं. एप्रिल २०१३ मध्ये 'ॲडलॅब्स इमॅजिका' उघडलं. जिल्हा रायगड असला, तरी लोणावळ्यात मुक्काम आणि खाली इमॅजिका, अशी सहल लगेच रूढ झाली. पुढच्या वर्षी वॉटर पार्क आलं, मग हॉटेल आणि स्नो पार्क.

महाराष्ट्राला मनोरंजन पार्क नवीन नव्हतं. गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ चं. त्याची जाहिरातीची धून एका आख्ख्या पिढीला पाठ आहे. ते २०२२ मध्ये बंद झालं. निगडीचं अप्पूघर पिंपरी-चिंचवडकरांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं आहे. पण ही 'अम्युझमेंट पार्क' होती: मोठे पाळणे, एकमेकांवर आदळणाऱ्या गाड्या, म्हणजे गावच्या जत्रेतल्या आकाशपाळण्याची सुधारलेली आवृत्ती. थीम पार्कमध्ये पाळण्याआधी गोष्ट असते. रांगेत उभं असल्यापासून तुम्ही त्या गोष्टीत असता. इमॅजिकाने हा फरक महाराष्ट्रात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आणला.

आणि यंत्रांच्या बाबतीत तिथे तडजोड नव्हती. 'नायट्रो' हा तिथला मोठा रोलर कोस्टर बोलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीचा आहे. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर, पायाखाली फरशी नाही. अमेरिकेतल्या ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलमधला गाजलेला 'हल्क' कोस्टर याच कंपनीने बनवलाय. जगभरातले कोस्टरप्रेमी या कंपनीचं नाव आदराने घेतात. म्हणजे पुण्याहून निघालेला कोस्टरचा खरा चाहता जे शोधत परदेशी जातो, त्यातलं निदान एक यंत्र एक्स्प्रेसवेच्या कडेला आहे. हे इथल्या किती जणांना माहीत आहे हा वेगळाच प्रश्न.

मग चाहता का घडला नाही? हिशोबाची कारणं आहेत. राइड्स परदेशातून आणलेल्या, जमीन-बांधकामासाठी काढलेलं कर्ज डोंगराएवढं आणि गर्दी मात्र सुट्ट्यांपुरती. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, तरी कर्जाचं ओझं हललं नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा थीम पार्कच्या तिकिटावर २८ टक्के कर लागला. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. मग २०२० मध्ये कोरोनाने दारंच बंद केली. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला आणि पुढे त्याच समूहाची लोणावळ्याची वेट अँड जॉय आणि शिर्डीची पार्क्सही या कंपनीखाली आली. त्यामुळे घाटाच्या वरचं आणि खालचं पाणी आज एकाच मालकाचं आहे.

पण हिशोब हे अर्धंच उत्तर झालं.

टब्बीला कोण ओळखतं?

इमॅजिकाचा स्वतःचा शुभंकर आहे, टब्बी नावाचा हत्ती. गोड आहे. पण टब्बीचा सिनेमा कुणी पाहिला नाही, गोष्ट कुणी वाचली नाही, लहानपणी उशाशी त्याचं खेळणं घेऊन कुणी झोपलं नाही. डिस्नीत माणूस मिकीला भेटायला जातो तेव्हा ओळख आधीची असते. इथे ओळख गेटवर होते आणि गेटवरच संपते.

इमॅजिकातली एक राइड याला अपवाद आहे आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. 'मिस्टर इंडिया'वर आधारित राइड. १९८७ चा तो सिनेमा. मोगॅम्बो म्हटलं की चाळिशीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते कितीही महागड्या यंत्राने आणता येत नाही. 'राजासौरस' ही दुसरी चांगली कल्पना. गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी या भारतीय डायनासोरचं नामकरण केलं होतं. बाकी रॉबिन हूड, अलिबाबा अशी सरमिसळ आहे. वाईट नाही, पण ती कुणाचीच नाही.

आता जरा विचार करा. १९९१ पासून 'सकाळ'मध्ये येऊ लागलेला चिंटू महाराष्ट्रातल्या लाखो घरांत रोज सकाळी चहासोबत वाचला गेला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याच्या गल्ल्यांमधून सायकल हाणत फिरला. बोक्या सातबंडे आहे. या सगळ्यांवर सिनेमे झाले, मालिका झाल्या, पण एकही जागा झाली नाही, जिथे जाऊन चाळिशीतला माणूस म्हणेल, की चला, चिंटूच्या वाड्यात जाऊन येऊ. परवान्याचे पैसे, प्रेक्षकसंख्या, भाषेची मर्यादा ही कारणं खरी आहेत. तरी जपानमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये उघडलेलं जिब्ली पार्क बघा. तिथे मोठे रोलर कोस्टर नाहीतच. सिनेमातली घरं, बागा, दुकानं आहेत आणि जगभरातून मोठी माणसं ती बघायला जातात. मोठ्या चाहत्याला वेगाइतकीच ओळखीची जागा पुरते.

आपल्याकडे असा चाहता नाही असंही नाही. त्याचं नाव गडप्रेमी आहे. मावळातल्या लोहगडावर वीस-वीस वेळा गेलेली माणसं आहेत. विंचूकाट्याच्या टोकावर जाऊन तीच हवा, तोच फोटो, तोच आनंद. तटबंदीचा कोणता भाग कधी ढासळला हे त्यांना माहीत असतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात लोहगड आहे, आणि त्या दिवशी मराठी सोशल मीडियावर जे घडलं ते कुठल्याही फॅन क्लबला हेवा वाटावा असं होतं. पुण्यात आंबेगावला बाबासाहेब पुरंदरेंच्या कल्पनेतल्या 'शिवसृष्टी'चा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ ला खुला झाला. तिथे येणारी मोठी माणसं मुलांना सोबत आणतात ती बऱ्याचदा निमित्त म्हणून. किल्ल्याला थीम पार्क म्हणणं कुणाला आवडणार नाही, आणि म्हणूही नये. पण एकाच गोष्टीच्या ओढीने एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणं ही वृत्ती दोन्हीकडे सारखीच आहे. गडावर जाणाऱ्याला मात्र कुणी पोरकट म्हणत नाही.

फुकटची भीती

मावळात थराराची एक जागा मात्र अशी आहे, जिला तिकीट नाही, उंचीची पट्टी नाही आणि सीटबेल्टही नाही.

भुशी डॅम रेल्वेचा. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून तो बांधला गेला. पावसाळ्यात तो भरून वाहू लागला, की सांडव्याच्या पायऱ्यांवर माणसं बसतात, अंगावरून पाणी जाऊ देतात, मक्याचं कणीस आणि भजी खातात. ही मोठ्या माणसांची वॉटर राइडच आहे आणि ती कुठल्याही वॉटर पार्कच्या आधीपासून सुरू आहे.

३० जून २०२४ ला, रविवारी, या धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात चार मुलं होती. पाण्याचा लोंढा वाढताना एकमेकांना धरून उभं असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ देशभर फिरला. जुलैमध्ये जिल्हा प्रशासनाने धोकादायक ठिकाणी पाण्यात उतरणं, सेल्फी आणि रील काढणं यांवर बंदी घातली. संध्याकाळी ६ नंतर पर्यटनस्थळी थांबण्यावरही निर्बंध आले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, पुन्हा रविवार आणि पुन्हा मावळ. कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. ४ जणांचा मृत्यू झाला, ५० हून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता.

अशा प्रत्येक घटनेनंतर 'लोकांना अक्कल नाही' हे वाक्य ठरलेलं असतं. त्यात तथ्य असेलही. पण एवढ्यावर थांबलं तर एक गोष्ट नजरेआड होते. नायट्रोवर बसणारा आणि धबधब्यात उभा राहणारा, दोघांना हवंय ते एकच: पोटात गोळा येणं, ओरडणं, भिजणं, रोजच्या कामाचा विसर. फरक एवढाच, की एकाची भीती रोज सकाळी कुणीतरी तपासलेली असते. बोल्ट बघितलेले असतात, गाड्या रिकाम्या फिरवून पाहिलेल्या असतात, वारा जास्त असेल तर राइड बंद ठेवलेली असते. थीम पार्क खरं तर विकतं ते हेच, भीतीची हमी दिलेली आवृत्ती. ज्याला ती परवडत नाही, किंवा ज्याला ती आपल्यासाठी आहे असं वाटत नाही, तो धबधब्याकडे जातो.

'आपल्यासाठी आहे असं वाटणं' हा मुद्दा छोटा नाही. आपल्याकडे अनेक रिसॉर्ट आणि वॉटर पार्कच्या दारात 'फक्त कुटुंबासाठी' असा नियम असतो. नुसत्या मुलग्यांच्या ग्रुपला प्रवेश नाही. महिलांच्या सुरक्षिततेसाठी हा नियम असतो आणि त्यामागची काळजी खोटी नाही. पण मग कंपनीत कामाला असलेले पाच मित्र रविवारी कुठे जाणार? भुशीला. आणि एकटी बाई? टोकियो डिस्नीसीमध्ये काही राइड्सना एकट्याने आलेल्यांसाठी वेगळी, वेगाने सरकणारी रांग आहे. तिथे एकटं येणं ही व्यवस्थेने गृहीत धरलेली गोष्ट आहे. इकडे एकट्या बाईने तिकीट मागितलं, की आधी 'बाकीचे कुठेत?' हा प्रश्न येतो. पस्तिशीतली एखादी मुलगी एकटीने थीम पार्क बघायला टोकियो किंवा सिंगापूरला का जाते, याची कारणं शोधताना आपण मिकी आणि हॅरी पॉटरपर्यंत जातो. कदाचित तिला फक्त दिवसभर कुणीही काही न विचारता खेळायचं असेल.

पैसे दिले म्हणजे सुरक्षितता आली, असंही अर्थात नाही. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनला लागलेल्या आगीत २७ जणांचा जीव गेला. तिथे तिकीट होतं, गेट होतं, नव्हती ती तपासणी. कामशेतच्या पॅराग्लायडिंगसारख्या साहसी खेळांसाठी महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं, आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली. तुम्ही झिपलाइनला लटकण्याआधी समोरच्याकडे ती नोंदणी आहे का, हे विचारता येतं. बहुतेक जण विचारत नाहीत.

टायगर पॉइंटवर काच

याच पार्श्वभूमीवर लोणावळ्यातला सरकारी प्रकल्प बघायला हवा. टायगर पॉइंट आणि लायन्स पॉइंट परिसरात, कुरवंड्याच्या बाजूला, काचेचा स्कायवॉक, झिपलाइन, बंजी जम्पिंग, फूड पार्क असं 'जागतिक दर्जाचं' पर्यटनस्थळ उभारायचा बेत आहे. जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी त्यासाठी ३३३ कोटी ५६ लाख रुपयांचा आराखडा मांडला.

प्रकल्पाच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. कड्याच्या टोकावर कठड्याबाहेर जाऊन फोटो काढणाऱ्यांपेक्षा कठड्याआत, काचेवर उभे असलेले बरे. स्थानिकांना काम मिळेल. मात्र पावसाळ्यात टायगर पॉइंटला गेलेल्या कुणालाही एक अडचण लगेच लक्षात येईल. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन गर्दीच्या दिवसांत, तिथे चार हातांवरचा माणूस दिसत नाही इतकं धुकं असतं. काचेखाली दरी असेल, पण दिसेल पांढरा ढग. अर्थात त्या ढगासाठीच लोक येतात, आणि तो आज फुकट दिसतो.

दुसरा प्रश्न कणसं, भजी, चहाच्या टपऱ्या चालवणाऱ्या आसपासच्या लोकांचा. फूड पार्क झाल्यावर त्यात गाळा कुणाला मिळणार आणि भाडं किती? या प्रश्नाचं उत्तर स्कायवॉकच्या चित्रांमध्ये नसतं.

तिसरा मुद्दा चाहत्याचा. काचेचा पूल माणूस एकदा बघतो. फार तर पाहुणे आले की दुसऱ्यांदा. डिस्नी, युनिव्हर्सल किंवा जिब्लीचा धंदा पुन्हा येणाऱ्यांवर चालतो, म्हणून ती जागा सतत नवी करावी लागते, जुनी झिजू द्यायची नसते. ३३३ कोटी उभारणीचे झाले. दरवर्षी काच, केबल आणि कठडे तपासायला, पोलीस आणि जीवरक्षक ठेवायला, कचरा उचलायला किती आणि कुणाच्या खात्यातून, हा आकडा मांडला गेला तर या प्रकल्पावर नीट बोलता येईल. कुंडमळ्याच्या पुलाचंही दुखणं हेच होतं. बांधताना तो नवाच होता.

एक्स्प्रेसवेवरचा खोपोली ते कुसगाव हा 'मिसिंग लिंक' मार्ग अंतर सुमारे ६ किलोमीटरने आणि घाटातला वेळ सुमारे २५ मिनिटांनी कमी करण्यासाठी आखलेला आहे. त्याचं एक टोक इमॅजिकाच्या बाजूला, दुसरं लोणावळ्यात. पोहोचणं सोपं झालं, की गर्दी आणखी वाढणार. त्या गर्दीत मुलांना घेऊन येणारे असतील आणि मुलांविना येणारेही. दुसऱ्या गटाला दारात काय सांगायचं, हे घाटाच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही गेटवर अजून ठरायचंय.